झाकण उघडण्याआधी : कुठली रॅम बसलीय ते मशीनलाच विचारा

"दादा, आठ जीबीची रॅम केवढ्याला पडेल?"

कराडच्या माझ्या दुकानात फोन वाजला की बऱ्याचदा पहिलं वाक्य हेच असतं. मी उलट विचारतो, "आत्ता मशीनमध्ये कुठली आहे?" पलीकडून उत्तर येतं, "आठचीच आहे की." अहो, आठ हे नुसतं वजन झालं. पाच किलो तांदूळ द्या म्हटलं तर दुकानदार विचारणारच, इंद्रायणी की कोलम? आणि तांदळाचं एक बरं असतं, कोलमच्या डब्यात इंद्रायणी मावते तरी. रॅमचं तसंही नाही. डीडीआर३ या जुन्या प्रकारच्या जागेत डीडीआर४ या नव्या प्रकारची पट्टी बसतच नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. २०१९ मध्ये एका गिऱ्हाइकाचा लॅपटॉप आला होता, इंटेलचा आय३, ६००६यू. सहाव्या पिढीचा प्रोसेसर म्हणजे डीडीआर४ असणार, असं मी मनाशी धरून चाललो. रात्रीच्या एसटीनं मुंबई गाठली, लॅमिंग्टन रोडवरून बाकीच्या मालाबरोबर आठ जीबीची डीडीआर४ घेतली आणि परत आलो. लॅपटॉपचं झाकण उघडलं तर आत डीडीआर३एल, म्हणजे कमी व्होल्टेजची डीडीआर३! त्या पिढीचे प्रोसेसर दोन्ही प्रकार चालवतात. लॅपटॉप बनवणाऱ्यानं कुठला सॉकेट लावलाय यावर सगळं ठरतं. दोन्ही पट्ट्यांवरची खाच वेगवेगळ्या जागी, त्यामुळं पट्टी काही केल्या बसेना. ती स्टिक वर्षभर माझ्या ड्रॉवरमध्ये पडून होती. ज्या मशीननं दोन मिनिटांत सांगितलं असतं, त्याला मी विचारलंच नव्हतं.

तर विचारायचं कसं ते सांगतो. आपल्याला चार गोष्टी हव्यात : प्रकार, म्हणजे डीडीआर३, ४ की ५. आकार, म्हणजे डेस्कटॉपची लांब पट्टी की लॅपटॉपची आखूड. वेग. आणि स्लॉट, म्हणजे पट्टी बसवायच्या जागा किती, त्यातला मोकळा आहे का. एकच सॉफ्टवेअर या चारही गोष्टी खात्रीनं सांगेल अशी अपेक्षा ठेवू नका. दोघांची साक्ष काढायची आणि ती जुळते का पाहायचं.

पहिली साक्ष विंडोजमधल्याच टास्क मॅनेजरची. काही डाउनलोड करायचं नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, 'परफॉर्मन्स' उघडा, डावीकडे 'मेमरी'. खिडकी छोटी उघडली तर 'मोअर डिटेल्स' दाबा. वरच्या उजव्या कोपऱ्यात एकूण आकडा दिसतो आणि सगळे तिथंच थांबतात. आपल्या कामाचं सगळं आलेखाच्या खाली उजवीकडे बारीक अक्षरांत असतं : 'स्पीड', 'स्लॉट्स यूज्ड', 'फॉर्म फॅक्टर', 'हार्डवेअर रिझर्व्हड'.

गेल्या लग्नसराईत उंब्रजच्या एका फोटो स्टुडिओवाल्याचा फोन आला. अल्बमची पानं लावताना मशीन अडकतंय, रात्रीत रॅम वाढवून पाहिजे. मी म्हटलं, या बारीक अक्षरांचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. फोटोत दिसलं : ८.० जीबी, स्पीड २४०० मेगाहर्ट्झ, स्लॉट्स यूज्ड दोनपैकी एक, फॉर्म फॅक्टर एसओडीआयएमएम. म्हणजे लॅपटॉपची आखूड पट्टी, एकच बसवलेली, शेजारची जागा रिकामी. चारातल्या तीन गोष्टी एका फोटोत कळल्या. प्रकार मात्र तिथं लिहिलेला नसतो. २४०० वेग म्हणजे डीडीआर४ हे मला कळत होतं, पण ६००६यूची आठवण होतीच.

म्हणून दुसरी साक्ष, सीपीयू-झेड. सीपीयूआयडी नावाच्या कंपनीचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यांच्या स्वतःच्याच साइटवरून घ्या. झिपवालं घेतलं तर इन्स्टॉलही करावं लागत नाही, उघडलं की चालू. यात आपल्याला दोनच टॅब लागतात, 'मेमरी' आणि 'एसपीडी'. नावं सारखी वाटली तरी दोन्ही वेगळं बोलतात.

'मेमरी' टॅब आत्ता काय चाललंय ते सांगतो. प्रकार : डीडीआर४. आकार : ८ जीबी. चॅनल : सिंगल, म्हणजे रॅमकडे जायला एकच वाट. आणि 'डीरॅम फ्रीक्वेन्सी' : ११९७ च्या आसपास. हा आकडा बघून स्टुडिओवाला घाबरला. "दादा, २४०० सांगून मला निम्मीच दिली काय कुणी?" हा प्रश्न इतक्यांदा येतो की मी दुकानात पाटीच लावणार आहे. डीडीआर म्हणजे डबल डेटा रेट. घड्याळाच्या एका ठोक्याला दोनदा माल हलतो. सीपीयू-झेड ठोके मोजतं, टास्क मॅनेजर खेपा मोजतो. ११९७ ची दुप्पट केली की २४०० येतात. फसवणूक वगैरे काही नाही. विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत मेगाहर्ट्झच्या जागी एमटी प्रतिसेकंद लिहून येतं, ते बरोबरच आहे. खेपांना मेगाहर्ट्झ म्हणणं तसं चुकीचंच होतं.

'एसपीडी' टॅब हा माझा आवडता. प्रत्येक पट्टीवर एक इवलीशी चिप असते, तिच्यात त्या पट्टीचा जन्मदाखला असतो. वर डावीकडे स्लॉट निवडायचा, मग बनवणाऱ्याचं नाव, पार्ट नंबर, कमाल वेग, कितव्या वर्षीच्या कितव्या आठवड्यात बनली, सगळं समोर येतं. स्टुडिओवाल्याकडे आलं ते असं : सॅमसंग, एम४७१ए१के४३सीबी१-सीटीडी, कमाल वेग डीडीआर४-२६६६.

आता इथं एक गंमत बघा. पट्टी २६६६ ची, पण मशीन तिला २४०० नं चालवतंय. बिघाड नाही. त्याचा प्रोसेसर आय५-८२५०यू, त्याची धाव २४०० पर्यंतच. पट्टीला कितीही पळता येत असलं तरी प्रोसेसर नेईल तेवढंच. मग नवी कुठली घ्यायची? मी त्याला २६६६ चीच दिली. ३२०० चीही सहसा चालते, खाली उतरून पळते. पण जास्तीच्या वेगासाठी जास्तीचे पैसे या मशीनवर मोजण्यात अर्थ नव्हता.

पार्ट नंबर वाचायची सवय लावून घ्या, फार उपयोगी पडते. सॅमसंगमध्ये एम४७१ म्हणजे लॅपटॉपची, एम३७८ म्हणजे डेस्कटॉपची. पुढचं अक्षर बी असेल तर डीडीआर३, ए असेल तर डीडीआर४. शेवटची तीन अक्षरं वेगाची : सीआरसी २४००, सीटीडी २६६६, सीडब्ल्यूई ३२००. आणि दुकानातल्या पट्टीच्या लेबलवर पीसी४-२१३०० लिहिलेलं दिसलं तर दचकू नका, तोही २६६६ च. वेगाला ८ नं गुणलं की हा आकडा येतो, शेवटी थोडा गोल केलेला. तसंच २५६०० म्हणजे ३२००. डीडीआर३ च्या काळातला पीसी३-१२८०० म्हणजे १६००. तिथं 'पीसी३एल' मधला एल मात्र सोडू नका. तो कमी व्होल्टेजचा, १.३५ चा. साधी डीडीआर३ दीड व्होल्टवर चालते, आणि एल मागणाऱ्या लॅपटॉपला ती चालत नाही.

एसपीडी टॅब कोरा दिसला तर? बहुतेक वेळा रॅम बोर्डावरच डाखलेली असते. मग टास्क मॅनेजरकडे परत जा. फॉर्म फॅक्टरपुढे 'रो ऑफ चिप्स' असं लिहिलं असेल तर तिथं पट्टीच नाही, चिपा सोल्डर केलेल्या आहेत. अशा मशीनवर स्लॉट्स यूज्ड आठपैकी आठ असंही येतं. एवढ्या सडपातळ लॅपटॉपमध्ये आठ स्लॉट कुठून येणार? ते स्लॉट नव्हेतच. एका कॉलेजच्या मुलीला मी हेच सांगितलं, तर तिचे बाबा म्हणाले, "मग चार काढून मोठे टाका की!" काही लॅपटॉपांत चार जीबी बोर्डावर आणि सोबत एक खरा स्लॉट असा मामला असतो. तिथं मात्र मॉडेलचं मॅन्युअल बघितल्याशिवाय किंवा झाकण काढल्याशिवाय मी कुणाला शब्द देत नाही.

टास्क मॅनेजर आणि सीपीयू-झेड यांची माहिती वेगळी का येते, तेही सांगून टाकतो. बायोस म्हणजे मशीन सुरू करणारा, बोर्डावरच बसवलेला प्रोग्रॅम. त्यानं चालू होताना तयार केलेला तक्ता टास्क मॅनेजर वाचतो. सीपीयू-झेड थेट पट्टीवरची चिप वाचतं. तक्ता भरणारा आळशी असला तर तक्त्यात 'अननोन' येतं. दोघांचं जुळलं तर निर्धास्त. न जुळलं तर चिपेवर विश्वास, आणि शंका उरलीच तर पट्टी काढून लेबल बघायचं. पट्टी सेकंडहँड असेल तर लेबलचीही साक्ष घ्या, कारण लेबल बदलता येतं तशी चिपही नव्यानं लिहिता येते.

सीपीयू-झेड टाकायला परवानगी नसेल, उदाहरणार्थ ऑफिसच्या मशीनवर, तर विंडोजमधलंच पॉवरशेल आहे, म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी. स्टार्टमध्ये शोधून उघडा आणि टाइप करा, अर्थात इंग्रजी अक्षरांत : गेट, हायफन, सिमइन्स्टन्स, मग जागा सोडून विन३२, अंडरस्कोअर, फिजिकलमेमरी. 'सिम' हे सी, आय, एम. कॅपिटल-स्मॉलची चिंता नको. प्रत्येक पट्टीचा एक लांबलचक गठ्ठा येतो. त्यात 'एसएमबायोसमेमरीटाइप' शोधा. २४ असेल तर डीडीआर३, २६ असेल तर डीडीआर४, ३४ असेल तर डीडीआर५. 'फॉर्मफॅक्टर' ८ म्हणजे डेस्कटॉपची, १२ म्हणजे लॅपटॉपची. 'कपॅसिटी' बाइटमध्ये असते, ८५८९९३४५९२ दिसलं की ८ जीबी. कधी कधी कंपनीच्या नावाऐवजी सांकेतिक आकडा येतो : ८०सीई म्हणजे सॅमसंग, ८०एडी म्हणजे हायनिक्स, ८०२सी म्हणजे मायक्रॉन. जुने लोक 'डब्ल्यूएमआयसी' हा जुना हुकूम वापरायला सांगतात. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत ते आपोआप मिळत नाही, म्हणून मी शिकवणं सोडलं.

लिनक्सवाल्यांना फार सांगायला नको. सुडो, डीएमआयडीकोड, मग हायफन टी, मेमरी. रिकाम्या स्लॉटपुढे 'नो मॉड्यूल इन्स्टॉल्ड' असं स्वच्छ लिहून येतं. मॅकमध्ये सफरचंदाच्या मेनूतून सिस्टिम रिपोर्ट, त्यात मेमरी. एम मालिकेच्या चिपवाला मॅक असेल तर नुसतं बघून समाधान माना, त्यात वाढवायला काही ठेवलेलंच नाही.

एक तक्रार वारंवार येते : "१६ ची घेतली, वापरायला १३.९ च दाखवतंय." प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असेल तर ते रॅममधला वाटा उचलतं. एएमडीच्या रायझन प्रोसेसरच्या बऱ्याच लॅपटॉपांत दोन जीबी सरळ बाजूला काढलेली असते. 'हार्डवेअर रिझर्व्हड' पुढे तोच हिशोब असतो. जुन्या ३२ बिट विंडोजवर चार जीबी टाकूनही तीनच्या घरात दिसते, तो दोष विंडोजचा. आणि एक आपण ओढवून घेतलेलं दुखणं : कुणीतरी व्हिडिओ बघून विंडोजच्या एमएसकॉन्फिग या सेटिंगच्या खिडकीत बूटच्या अ‍ॅडव्हान्स्ड पर्यायांत 'मॅक्सिमम मेमरी'ची खूण करून ठेवतो. ती खूण काढा, मशीन रीस्टार्ट करा. माझ्याकडे एकजण याच कारणासाठी नवी रॅम घ्यायला आला होता.

डेस्कटॉपवाल्यांनी आणखी एक पाहावं. ३२०० ची पट्टी टाकून टास्क मॅनेजर २१३३ किंवा २६६६ दाखवत असेल, तर एसपीडी टॅबमध्ये एक्सएमपीचा, म्हणजे पट्टी बनवणाऱ्यानं ठरवलेल्या जास्तीच्या वेगाचा, रकाना आहे का बघा. असला तर तो वेग बायोसमध्ये जाऊन चालू करावा लागतो, आपोआप मिळत नाही. आणि बाराव्या ते चौदाव्या पिढीत इंटेलचा तोच प्रोसेसर डीडीआर४ च्या बोर्डावरही बसतो आणि डीडीआर५ च्याही. पिढीवरून अंदाज बांधायची माझी चूक आता डेस्कटॉपवर करायची सोय झाली आहे.

स्टुडिओवाल्याला स्टिक दिली. बसवल्यावर त्याला परत तोच फोटो काढायला लावला : १६.० जीबी, दोनपैकी दोन, आणि सीपीयू-झेडमध्ये चॅनल सिंगलचं ड्युअल. एवढ्यावर मी सोडत नाही. रात्री झोपताना स्टार्टमध्ये 'एमडीशेड' टाइप करायला सांगितलं, ते शेड म्हणजे एस, सी, एच, ई, डी. विंडोज मेमरी डायग्नोस्टिक उघडतं, मशीन रीस्टार्ट होऊन निळ्या पडद्यावर तपासणी चालते.

सकाळी साडेसातला फोन. "दादा, मशीन चालू होऊन बसलंय, रिझल्ट कुठाय?" रिझल्टची पट्टी कोपऱ्यात क्षणभर येऊन जाते, ती त्याची हुकली होती. इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज लॉग्ज, सिस्टिम, आणि सोर्सच्या रकान्यात 'मेमरीडायग्नोस्टिक्स-रिझल्ट्स' शोधा म्हटलं. तो चहा पीत पीत खाली सरकवत राहिला, मी फोन धरून शटर वर केलं, आणि मग त्यानं एकेक शब्द अडखळत वाचून दाखवला : नो एरर्स.