जनावराला फवारणीच्या औषधाची विषबाधा झाली तर

कपाशीवर प्रोफेनोफॉस किंवा क्लोरपायरीफॉस मारलं, की लगतच्या बांधावर जनावरं सोडू नका. बैल उगाच बिथरतोय, तोंडातून लाळेच्या तारा लोंबतायत, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, पातळ शेण, खांद्याचे स्नायू थरथरतायत, चालताना झोकांड्या, असं दिसलं तर विषबाधेची शंका घ्या. तेल, तूप, ताक पाजू नका. आपल्याकडे हे हमखास होतं, आणि घोट फुप्फुसात गेला तर जनावर त्यानंच दगावतं. अंगावर औषध सांडलं असेल तर हातमोजे घालून साबण आणि गार पाण्यानं धुवा. लगेच १९६२ ला, म्हणजे जनावरांच्या दवाखान्याच्या हेल्पलाइनला, फोन लावा. डॉक्टरांना औषधाची बाटली दाखवा. ऑरगॅनोफॉस्फेट (प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस याच गटातले) असेल तर अ‍ॅट्रोपिन हे उताऱ्याचं इंजेक्शन देतात. गोचिडांसाठी पिकाचं औषध अंगाला चोळणं तर बंदच करा.