सॉफ्टवेअर मॉडेलिंगच्या आकृतीत रंग कसे वापरावेत

आधी आकृती काळ्या-पांढऱ्यात पूर्ण करा. रंगाशिवाय ती कळत नसेल तर मांडणीतच घोळ आहे, आणि तो रंगाने फक्त झाकला जाईल.

मग रंगाने कोणत्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं ते ठरवा. ‘हा भाग कोणत्या टीमचा?’ किंवा ‘नवा की जुना?’ दोन्ही दाखवायचं असेल तर सरळ दोन आकृत्या काढा. यूएमएल, म्हणजे अशा आकृत्यांची ठरलेली चिन्हभाषा, रंगाला स्वतःचा काहीच अर्थ देत नाही. तो आपण ठरवायचा आणि कोपऱ्यात सूची करून लिहायचा.

क्लास डायग्राम (सॉफ्टवेअरमधल्या गोष्टी आणि त्यांचे संबंध चौकटींनी दाखवणारी आकृती) असेल तर सॉफ्टवेअर मॉडेलिंगवर लिहिणारे पीटर कोड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली मांडलेली चार रंगांची पद्धत मला अजूनही आवडते. एसटीच्या आरक्षणाचं उदाहरण घेऊ. ‘आरक्षण’ ही एका वेळी घडणारी, नोंद ठेवावी लागणारी घटना, म्हणून गुलाबी. ‘प्रवासी’ ही भूमिका, पिवळी. ती भूमिका करणारी ‘व्यक्ती’ आणि प्रत्यक्ष ‘बस’ हिरव्या. ‘बसचा प्रकार’, म्हणजे शिवनेरी की निमआराम, हे नुसतं वर्णन, ते निळं. खरी मजा रंग भरताना येते. ‘प्रवासी’ची चौकट पिवळी की हिरवी, इथे हात अडला तर आत डोकावा. जन्मतारीख आणि आसन क्रमांक शेजारी शेजारी बसलेले सापडतील. जन्मतारीख व्यक्तीकडे पाठवा, आसन क्रमांक आरक्षणाकडे.

छटा फिकट ठेवा, अक्षरं काळी. भडक निळ्यावर काळं नाव वाचताना डोळे दुखतात.

शेवटी एक काळी-पांढरी प्रिंट काढाच. मी एकदा चालू राहणारे भाग हिरवे आणि बंद करायचे लाल रंगवले होते. मीटिंगला झेरॉक्स प्रती वाटल्या गेल्या आणि सगळ्या चौकटी एकसारख्या! नंतर हिशेब केला: आरजीबीत (लाल, हिरवा, निळा यांचं प्रत्येकी ० ते २५५ प्रमाण) लाल २५५, ०, ० आणि हिरवा ०, १२८, ०. रंगाचं राखाडीत रूपांतर करायच्या नेहमीच्या सूत्राने त्यांची छटा येते ७६ आणि ७५. लाल-हिरवा फरक न दिसणाऱ्या सहकाऱ्याची अडचण तर रंगीत प्रतीतही होतेच. आता बंद करायच्या चौकटीला मी तुटक रेघेची किनार देतो, लाल रंग वरून.