पाठीच्या कण्यात औषध सोडणारा पंप बसवलाय? मग आमच्या घरात झालेल्या या चुका टाळा

आत्तीच्या पोटात पंप आहे म्हटलं की तासगावकडची आमची माणसं विचारायची, पेसमेकर का? तर नाही. पोटाच्या कातडीखाली एक गोल चपटी डबी असते, तिच्यात मॉर्फिन भरलेलं, आणि तिथून बारीक नळी कातडीखालूनच पाठीकडं जाते आणि मणक्यातल्या पाण्यात औषध हळूहळू सोडते. औषध थेट मज्जारज्जूपाशी पडतं म्हणून लागतं अगदीच थोडं, गोळीतनं ३०० मिलिग्रॅम जे काम करतं ते तिथं साधारण १ मिलिग्रॅममध्ये होतं असा ढोबळ हिशोब धरतात. आत्तीला स्वादुपिंडाचा कॅन्सर, गोळ्यांनी नुसती गुंगी आणि उलट्या, दुखणं तसंच. पंप बसला आणि महिन्याभरात ती सोप्यात भिंतीला टेकून बेदाणा निवडत बसायला लागली. आम्ही एवढे खूश झालो की पंपाकडं बघायचंच विसरलो.

सगळ्यात मोठी चूक तारखेची. डबीतलं औषध संपतं, परत भरावं लागतं, डॉक्टर कातडीतनं सुई घालून आधी उरलेलं काढून मोजतात, नवीन भरतात आणि मशिनला तसं सांगतात. टाकी २० मिलिची आणि रोज अर्धा मिलि जात असेल तर कागदावर ४० दिवस होतात, पण तळाचं एकदोन मिलि हिशोबात धरायचं नसतं म्हणून तारीख आधीचीच देतात. आम्हाला वाटलं डॉक्टर जरा हातचं राखूनच सांगतात. द्राक्षं उतरायला आलेली, व्यापारी दारात, म्हटलं पुण्याला जाऊ की चार दिवसांनी, एवढं काय होतंय!

तिसऱ्या रात्री घरात टूंss टूंss सुरू झालं. इन्व्हर्टर असेल म्हणून भावानं उठून बटण बंद केलं, तरी वाजतंय, मग मोबाईल बघितले, फ्रिज बघितला, शेवटी आत्तीच अंधारात म्हणाली, "आरं लेकरांनो, माझ्या पोटात वाजतंय की." तो पंपाचा अलार्म होता. सकाळची कोयना पकडेपर्यंत तिला जांभयांवर जांभया, घाम, अंगावर काटा, दोनदा जुलाब, आणि दुखणं परत हजर. मॉर्फिन एकदम तुटलं की असं होतं. तेही परवडलं म्हणायचं, कारण काहींच्या पंपात क्लोनिडीन किंवा बॅक्लोफेन असतं, आणि क्लोनिडीन अचानक थांबलं तर बीपी उसळतं, बॅक्लोफेन थांबलं तर जिवावर बेतू शकतं. आपल्या पंपात नक्की काय भरलंय ते पहिल्या दिवशीच लिहून घ्या आणि आवाज आला की रात्र असो काही असो, लगेच फोन लावा. आता आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला लाल गोल असतो आणि पाच दिवस आधी दुसरा गोल, तो गाडी ठरवायचा. हे औषध गल्लीतल्या दवाखान्यात भरून मिळत नाही, त्यामुळं दिवाळी, लग्नसराई असलं काही मधे येत असेल तर आधीच विचारून ठेवा.

दुसरी चूक जुन्या गोळ्यांची. पंपाआधीचा गोळ्यांचा डबा कपाटात तसाच होता आणि एका रात्री आत्ती जरा कण्हली म्हणून घरातल्या एकीनं त्यातली अर्धी गोळी दिली, वर झोपेची गोळी. चांगल्या मनानं दिली, पण पंप काही थांबलेला नसतो ना, तो आपलं काम करतच असतो! सकाळी हाक मारली तर डोळे उघडेनात. निभावलं त्या वेळी, पण अंगावर काटा येतो अजून. मधेच दुखलं तर कोणती गोळी, किती, हे डॉक्टरांकडनं लिहून घ्या, बाकीचा डबा परत करा, आणि दारू तर नाहीच. माणूस हलवूनही नीट जागा होत नसेल, किंवा श्वास मिनिटाला आठदहाच्या खाली आले असतील तर १०८ ला फोन करा, कुशीवर वळवा, आणि येणाऱ्याला पहिल्याच वाक्यात सांगा की पोटात मॉर्फिनचा पंप आहे, म्हणजे नालोक्सोन, म्हणजे मॉर्फिनवरचा उतारा, द्यायचं का हे त्यांना लगेच कळतं. डोस वाढवला की पहिला दिवस फार सांभाळायचा कारण कण्यातल्या मॉर्फिनची गुंगी कित्येक तासांनी चढू शकते. औषध भरताना क्वचित ते डबीत न जाता बाहेर कातडीखाली सांडतं असंही होतं, म्हणून भरून झालं की लगेच स्टेशन गाठायचं नाही, तिथं बसवतात तेवढं निमूट बसायचं.

शेक देऊ नका. मॉर्फिननं पोट साफ होत नाही, पंप असला तरी, मग कुणीतरी गरम पाण्याची पिशवी आणतं. काही पंपांतनं उष्णतेनं औषध जास्त सुटतं. ती डबी दाबून फिरवून बघायची सवयपण वाईट, नळी पिळली जाते.

काहींना पोटात डबी नसते, पाठीतनं नळी बाहेर काढून पिशवीला किंवा छोट्या मशिनला जोडलेली असते. लांबून ती सलाईनच वाटते आणि धोका तिथंच आहे. नळीवर मोठ्या अक्षरात "कण्यातली नळी, इंजेक्शन देऊ नये" अशी पट्टी चिकटवा. शिरेतनं द्यायचं व्हिन्क्रिस्टीन नावाचं केमोचं औषध चुकून कण्यात गेलं तर माणूस सहसा वाचत नाही, त्यामुळं केमोच्या दिवशी नर्सला परत परत सांगायला लाजू नका. आणि आंघोळीत ते ड्रेसिंग भिजू द्यायचं नाही.

पंप बाहेरनं दिसत नाही म्हणून पंप असल्याचं कार्ड पाकिटातच ठेवा. आम्हाला एका ठिकाणी थेट एमआरआयला आत घेत होते, लोहचुंबकानं पंपाची मोटर थांबू शकते, नंतर ती परत चालू झाली का हे तपासावं लागतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या कुणी सुरू केल्या तरी पंपवाल्या डॉक्टरांना कळवा. ताप आणि मान आखडणं, बसलं की डोकं ठणकतं आणि आडवं पडलं की थांबतं, पाय लुळे पडणं, लघवी अडणं, यातलं काही झालं तर उद्यावर टाकू नका.

आणि एक गोष्ट, जी विचारायची आमच्यात कुणाची छाती होत नव्हती. पंपात बॅटरी असते, अग्नी देताना ती फुटू शकते, म्हणून त्याआधी पंप काढून घ्यावा लागतो. हे आत्तीनंच डॉक्टरांना विचारलं, आम्ही सगळे खाली बघत होतो. बाहेर आल्यावर म्हणाली, "आठवणीनं काढा बाबांनो, नाहीतर घाटावर फटाके वाजतील."