बांधाची उंची नेमकी कुठून मोजायची? सुंदरबनातल्या वादळी पुराचा अंदाज

भरतीच्या तक्त्यातला आकडा आणि लेव्हलिंगमधून (उपकरणाने जमिनीची उंची मोजण्यातून) आलेली बांधाची उंची सरळ एकमेकांपुढे ठेवू नका. तक्त्याचा शून्य सर्वात खालच्या ओहोटीजवळ असतो, लेव्हलिंगचा सरासरी समुद्रपातळीवर. समजा या दोन शून्यांत 3 मीटरचा फरक आहे. मग तक्त्यातली 5.5 मीटरची भरती म्हणजे सरासरी पातळीच्या वर 2.5 मीटर. त्यात वादळाने चढणारं 2 मीटर पाणी धरा, झाले 4.5. लाटांचा मार वेगळा. 4.2 मीटरच्या बांधावरून पाणी जाणारच.

वादळाने चढणाऱ्या पाण्यात हवेच्या दाबाचा वाटा थोडा असतो: दाब 1 हेक्टोपास्कल उतरला की पाणी साधारण 1 सेंटिमीटर चढतं. बाकीचं काम वाऱ्याचं. बंगालच्या उपसागराचं उत्तरेकडचं टोक उथळ असल्याने वाऱ्याने ढकललेल्या पाण्याला पसरायला जागाच उरत नाही. आपल्याकडे वादळ ज्या दिशेने सरकतं तिच्या उजवीकडे वारा पाणी किनाऱ्यावर ढकलतो, म्हणून वादळाचा मार्ग पाहताना त्याच्या उजव्या बाजूला कोणतं गाव येतं ते आधी बघा. 26 मे 2021 ला ‘यास’ चक्रीवादळ ओडिशात बालासोरजवळ धडकलं, पण उजवीकडच्या सागर बेटावर पाणी बांध ओलांडून आत आलं. त्या दिवशी पौर्णिमेचं उधाण होतं. त्यामुळे हिशेब एकदा उधाणाच्या (अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या) भरतीला आणि एकदा भांगाच्या (अष्टमीच्या सुमाराच्या लहान) भरतीला, असा दोनदा करा.

उपग्रहाच्या उंची-नकाशावर विसंबू नका. खारफुटीत तो झाडांचे शेंडे मोजतो, आणि इथे तर अर्ध्या मीटरवर निकाल फिरतो. बांधाच्या माथ्यावर दर 50 मीटरला लेव्हल घ्या. शिवाय प्रत्येक उघाडी (बांधातलं पाणी सोडायचं दार), होडीचा घाट, गुरांची वाट आणि जुनं खांड (बांध फुटलेली जागा) वेगळं मोजा. पायाखाली झिजून फूटभर खचलेली एक वाटसुद्धा पुरते. सरासरी काढलीत तर नेमकी तीच लपते. खेकड्यांची बिळं आणि नदीने खालून कातरलेला पायथाही नोंदवा, कारण अशा ठिकाणी बांध पाणी माथ्याला पोचण्याआधीच फुटतो.

मग आतली जमीन. बांधामुळे गाळ आत येत नाही, जमीन बसत जाते. बांगलादेशातल्या पोल्डर 32 ची (पोल्डर म्हणजे बांधाने वेढलेलं बेट) जमीन बाहेरच्या जंगलापेक्षा मीटर-दीड मीटर खाली गेली होती. 2009 च्या ‘आयला’ चक्रीवादळात बांध फुटले, आणि जवळपास दोन वर्षं तिथे रोजच्या भरतीचं पाणी येत-जात राहिलं. आतली पातळी साध्या भरतीच्या खाली असेल, तर नकाशावर ‘पाण्याची खोली’ लिहून थांबू नका. खांड बुजवायला किती दिवस लागतील तेही लिहा.