ग्राहक ‘कडक’ म्हणतो तेव्हा

डिप्लोमा संपवून भोसरीतल्या एका छोट्या सस्पेन्शनच्या कारखान्यात लागलो. पहिल्याच आठवड्यात साहेबांनी तक्रारींचं रजिस्टर हातात दिलं. माल एकच, सीएनजी गाड्यांसाठीची मागची स्प्रिंग. तक्रारी मात्र ‘फार कडक’, ‘उडवते’, ‘मागून खडखडते’ अशा तऱ्हेतऱ्हेच्या. मी कुठली तक्रार किती वेळा आली ते मोजत बसलो. तुम्ही तसं करू नका, फोन उचला.

गाडीत किती जण होते? टाकी भरलेली होती का? टायरमध्ये हवा किती? शेवटचा प्रश्न लाजेखातर गाळायचा नाही. एका काकांच्या टायरमध्ये ४० पीएसआय निघाली. ती ३० वर आणली. दोन दिवसांनी काका म्हणाले, “स्प्रिंग आता मुरली बघा.” मी गप्प.

बाकीच्यांची तक्रार मात्र खरी होती. टाकीचं वजन पेलावं म्हणून आमच्याच कुणीतरी तार १२ ची १२.५ मिमी केली होती. अर्ध्या मिलिमीटरने काय होतंय, असं मलाही वाटलं. पण कडकपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो, म्हणजे इथे जवळजवळ १८ टक्के. शॉकअप मात्र गाडीसोबत आलेलाच. दबलेली स्प्रिंग उसळली की त्याला आवरेना. चार जणांना घेऊन कात्रज घाट चढणारे खूश, सिंहगड रोडच्या स्पीडब्रेकरवरून एकटे जाणारे वैतागलेले.

डोक्यात प्रकाश पडायला महिना गेला. माणसं चढतात-उतरतात, टाकी कायम डिक्कीतच. तिच्यासाठी हवी उंची, कडकपणा नव्हे! टाकी, ब्रॅकेट, गॅस मिळून ६५ किलो धरा. ढोबळ हिशेबाने एका स्प्रिंगवर ३२० न्यूटन. २० न्यूटन प्रति मिमीची स्प्रिंग १६ मिमी दबणारच. मग तार पुन्हा १२ ची केली आणि फ्री लेंथ, म्हणजे भार नसतानाची लांबी, तेवढी वाढवली. त्याने तारेवरचा ताण वाढतो, म्हणून प्रत्येक नमुना पूर्ण दाबून, सोडून, उंची पुन्हा मोजली. पहिले दोन कायमचे बसले, भंगारात गेले.

राहिली खडखड. तिचा स्प्रिंगशी संबंधच नव्हता. फिटर शॉकअपचा खालचा बोल्ट गाडी लिफ्टवर असतानाच आवळत होते, त्यामुळे बोल्टभोवतीचं रबरी बुश पिळलेलं राहून लवकर फाटायचं. आता खोक्यात एक चित्र टाकतो: चाकं जमिनीवर, मग पाना.