कॉम्पसनांच्या घरात पैसा कोणाकडून कोणाकडे गेला?

‘संज्ञाप्रवाह’, ‘काळाचं विघटन’ आणि ‘दक्षिणेचा ऱ्हास’ हे तिन्ही शब्द पहिल्याच परिच्छेदात दिसले, की मी असाइनमेंट पुढे न वाचता परत देते. चुकीचे नाहीत ते. पण ते लिहायला अमेरिकी लेखक विल्यम फॉकनरची ‘द साउंड अँड द फ्युरी’ ही कादंबरी उघडावीसुद्धा लागत नाही; आप्पा बळवंत चौकातून गाइड आणलं की झालं. सदाशिव पेठेत माझ्याकडे संध्याकाळी एम.ए.ची मुलं येतात, त्यांना मी उलटीकडून सुरुवात करायला लावते. आशयसूत्रं शेवटी. आधी घरातली माणसं, आणि त्यांच्यातली देवाणघेवाण.

कादंबरी १९२९ची. मिसिसिपीतल्या जेफरसन या कल्पित गावातलं कॉम्पसन घराणं. भाग चार: ७ एप्रिल १९२८, २ जून १९१०, ६ एप्रिल १९२८ आणि ८ एप्रिल १९२८. पहिल्या तिघांत बेंजी, क्वेंटिन, जेसन हे भाऊ बोलतात, चौथा तृतीयपुरुषी. ज्या बहिणीभोवती सगळं फिरतं त्या कॅडीला स्वतःचा भाग नाही. म्हणून प्रत्येक निवेदकाला एकच प्रश्न विचारायचा: याला कॅडीकडून काय हवं होतं?

वंशवृक्ष पेन्सिलीनं काढा, खोडावं लागतंच. क्वेंटिन दोन आहेत, मामा आणि भाची, म्हणजे कॅडीची मुलगी. जेसनही दोन, बाप आणि लेक. बेंजीचं मूळ नाव मॉरी, म्हणजे त्याच्या मामाचं. मूल मतिमंद आहे हे कळल्यावर आई १९०० साली ते बदलते, कारण आपल्या भावाचं नाव अशा मुलाला तिला चालत नाही. आईबद्दलची पहिली टीप इथेच लिहून ठेवा.

बेंजीच्या भागात तीन रंगांच्या पेन्सिली घ्या. तो कोणत्या वयातलं सांगतोय हे ओळखायची सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे त्याला सांभाळतंय कोण. वर्श असेल तर लहानपण, टी.पी. असेल तर पुढचं वय, लस्टर असेल तर १९२८. तिरका टाइप काळ बदलल्याचं सुचवतो, पण प्रत्येक वेळी नाही. (२०१२मध्ये चौदा रंगांत छापलेली एक देखणी आवृत्ती निघाली. आपल्याला तीन रंग पुरतात.) बेंजी अर्थ लावत नाही, म्हणूनच साक्षीदार म्हणून तो कामाचा. त्याला कॅडीच्या अंगाला झाडांचा वास येतो. ती अत्तर लावते तेव्हा तो रडतो, आणि ती ते अत्तर घरातल्या काळ्या मोलकरणीला, डिल्सीला, देऊन टाकते. भाऊ पुढे कॅडीबद्दल काहीही म्हणोत, ते या प्रसंगाशेजारी ठेवून पाहा.

क्वेंटिनवर मुलं पानंच्या पानं लिहितात. मोडलेलं घड्याळ, सावली, पाणी. लिहा, पण थोडक्यात. त्याला हवी असते घराण्याची अब्रू, आणि ती त्यानं बहिणीच्या शरीरात ठेवलेली. त्याला हार्वर्डला पाठवायला आणि कॅडीचं लग्न लावायला बेंजीचं आवडतं कुरण विकतात, पेठेतल्या वाड्याचं मागचं अंगण बिल्डरला द्यावं तसं. लग्न मोडतं, आणि पहिलं वर्ष सरताना क्वेंटिन नदीत जीव देतो. कुरणावर गोल्फ क्लब होतो.

खरा वेळ द्यायचा तो जेसनला. तो विनोदी आहे आणि दुष्ट आहे, आणि हसता हसता आपण त्याच्या बाजूला कधी गेलो ते कळत नाही. वहीचं एक पान आडवं घ्या आणि त्याचा जमाखर्च मांडा. कॅडी मुलीसाठी चेक पाठवते. जेसन खोटा चेक तयार करतो, ‘पतित’ लेकीचा पैसा नको म्हणून आई तो जाळते, आणि खरा चेक हा वटवतो. कॅडीनं पाठवलेल्या पन्नास डॉलरच्या मनीऑर्डरवर भाचीची सही घेतो, आकडा तिला दिसू देत नाही, हातावर दहा डॉलर ठेवतो. बापाच्या दफनाच्या दिवशी कॅडी तान्ह्या लेकीला क्षणभर पाहायचे शंभर डॉलर देते. हा बाळाला गाडीच्या खिडकीशी धरतो आणि गाडी न थांबवता पुढे दामटायला लावतो. आता गावात आलेल्या फिरत्या कंपनीच्या खेळाचे दोन पास बघा. स्वतःला नको असूनही ते तो लस्टरला फुकट देत नाही, त्याच्यादेखत चुलीत जाळतो. पहिल्या भागात लस्टर हरवलेलं नाणं का शोधत हिंडतो, याचं उत्तर इथे आहे: खेळाच्या तिकिटासाठी. तारखा उलटसुलट ठेवल्यात त्या अशा जोडण्या वाचकानं कराव्यात म्हणून.

‘जेसन हे भौतिकवादाचं प्रतीक आहे’ असं लिहू नका. लिहा: कॅडीच्या नवऱ्यानं कबूल केलेली बँकेतली नोकरी बुडाली, तिची भरपाई जेसन तिच्या मुलीकडून वसूल करतो. यात पात्रही आलं, आशयसूत्रही आलं.

डिल्सीला मात्र देवी करू नका. ईस्टरच्या रविवारचं प्रवचन ऐकताना ती रडते, आरंभ पाहिला नि शेवटही पाहिला म्हणते, आणि मुलं लगेच ‘मातृत्वाची मूर्ती’ लिहून मोकळी होतात. आधी आपल्या तीन रंगांकडे पाहा. वर्श आणि टी.पी. तिचे मुलगे, लस्टर नातू. म्हणजे एक अख्खं काळं कुटुंब या गोऱ्या घराचा सांभाळ करत राबतंय, आणि आई अंथरुणातून हाका मारतेय. गुलामगिरी कायद्यानं १८६५ साली संपली होती.

फॉकनरनं १९४५मध्ये लिहिलेलं परिशिष्ट शेवटीच वाचा, बऱ्याच आवृत्त्यांत ते जोडलेलं असतं. कादंबरीत जेसन शेरिफला भाचीनं तीन हजार डॉलर पळवल्याचं सांगतो. परिशिष्टात रक्कम जवळपास सात हजार, आणि त्यातली बरीचशी त्यानं तिच्याकडूनच चोरलेली, म्हणून तक्रारीत खरा आकडा सांगायची सोय नाही. उत्तरात यातला कोणताही आकडा दिलात, तर तो कुठून घेतला तेही लिहा.