मामा, गाडी पुढे घे!

कुणाची मदत न घेता चालवायच्या लांब सायकल रेसमध्ये भाच्याचं शूटिंग करायला इंदूरहून गाडी काढली आणि मानपूरच्या घाटात माती खाल्ली. अंधारात त्याच्या मागे हेडलाइट लावून चाललो. त्याला खड्डे दिसले, मागच्यांना कोण दाखवणार?

2013 पासूनच्या युरोपातल्या ट्रान्सकॉन्टिनेंटल सायकल रेसमध्येही बाहेरची मदत आणि ड्राफ्टिंग (दुसऱ्याच्या मागे चिकटून वारा चुकवणं) दोन्ही मना. तेव्हा गाडी पुढे काढा, वळणाआधी बाजूला लावा, तो येण्याआधी दिवे बंद. डिकीतले पोहे-शेव, पाणी, पंप दाखवूसुद्धा नका. वाट चुकला तरी गप्प (मामाला हे फार जड जातं). पडला तर मात्र कॅमेरा टाकून धावा. शेवटच्या नंबरवाल्यालाही तेवढाच वेळ द्या. कारण पहाटे तीनला ओळखीचा चेहरा दिसला की पेंग उडते, तीही मदतच.